गावानं इंजिनियर निवडायचा कसा? (नाली, सल्लागार आणि आमचा समुद्र)

काळीमाती

राजेहो, जरा अक्कल उसनी पाहिजे.

आमचं गाव विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातलं (जमिनीतलं पाणीच खारं), नगरपरिषदेचं, वस्ती पंचवीस-तीस हजार. बाजारओळीत माझं कृषी केंद्र आहे. चार वर्षांमागे दुकानासमोरून सिमेंटची नाली झाली, नदीकडे उतरणारी. तेव्हापासून दर पावसाळ्यात नालीतलं पाणी नदीकडे जायचं सोडून माझ्या दुकानात येते. औंदा युरियाच्या २१ बॅगा दगड झाल्या.

गाव म्हणते, ठेकेदारानं खाल्लं. मीही तेच म्हणायचो. पण ठेकेदार माझं जुनं गिऱ्हाईक. त्यानं नकाशाच आणून काउंटरवर पसरला. "जसा दिला तसा बांधला, आता तुम्हीच सांगा." नकाशा शहरातल्या एका सल्लागार कंपनीचा. ती काय पाहून नेमली? बांधकाम विभागात विचारलं, तर बाबूनं मान वर न करता सांगितलं, "त्यांची फी सगळ्यात कमी होती."

आता भुयारी गटार येऊन राहिली आहे आणि तिच्यासाठी सल्लागार नेमायची जाहिरात निघाली आहे.

मी बियाणं विकतो. बीटी कपाशीच्या पाकिटाचा कमाल भाव सरकार ठरवते, म्हणून सगळ्यांची पाकिटं जवळपास एकाच किमतीची. मग शेतकरी काय पाहतो? गेल्या साली कोणाच्या वावरात, कोणत्या मातीत, किती बोंडं धरली ते. बांधावर जाऊन पाहून येतो. नऊशेच्या आसपासच्या पाकिटासाठी एवढी चौकशी, आणि कोटींच्या गटारीसाठी नगरपरिषद कोणाच्या बांधावर जाते?

तूरडाळ

चालणारं वाण ब्लॅकमध्ये भेटते, ते नाही सांगितलं भाऊ.

काळीमाती

ते मी विकत नाही म्हणून नाही सांगितलं. :)

वऱ्हाडी ठेचा

मंग तुमचं दुकान कायले बुडून राह्यलं ते समजलं.

जुना ओव्हरसियर

तीस वर्षं या खात्यात काढली, म्हणून थोडं लांब लिहितो.

ठेकेदार निवडणं आणि सल्लागार निवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावात त्यांची सरमिसळ होते, आणि बरेचदा कार्यालयातही. ठेकेदाराच्या निविदेत काय बांधायचं ते आधी ठरलेलं असतं. सरकारी दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक, त्याला तांत्रिक मान्यता, मग बी-१ या निविदेच्या नमुन्यात तो फक्त इतके टक्के वर किंवा इतके टक्के खाली एवढंच भरतो. एम-३० (मजबुतीची प्रत) काँक्रीट म्हटलं की एम-३०. त्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब काढा, ७ आणि २८ दिवसांनी फोडा, समजेल. तिथं कमी दराला काम देण्यात तत्त्वतः काही चूक नाही.

सल्लागाराकडून तुम्ही जे विकत घेता ते अजून अस्तित्वातच नसतं. तो किती ठिकाणी खड्डे घेऊन माती पाहील, किती वेळा गावात येईल, पुराची खूण म्हाताऱ्या माणसांना विचारेल की नाही, यातलं काहीच दरसूचीत नाही. म्हणून केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत सल्लागारासाठी गुणवत्ता आणि किंमत एकत्र धरायची पद्धत दिली आहे. गुणवत्तेचं वजन जास्तीत जास्त ८० टक्के ठेवता येतं. नियमात नुसत्या कमी फीची पद्धतही आहे, पण ती ठरावीक साच्याच्या साध्या कामांसाठी. बाबूनं काही बेकायदेशीर सांगितलं असं मी म्हणणार नाही. सोपी वाट धरली एवढंच.

तूरडाळ

गुणवत्तेला मार्क म्हणजे मार्क देणाऱ्याची दिवाळी. कमी फी तरी डोळ्यांना दिसते.

जुना ओव्हरसियर

शंका रास्त आहे. आकडे मांडतो, मग बोला.

समजा दोन कंपन्या. पहिलीला तांत्रिक गुण ९०, फी २० लाख. दुसरीला ७२, फी १२ लाख. सगळ्यात कमी फीला १०० गुण, त्या हिशोबानं पहिलीला फीचे ६०.

वजन (गुणवत्ता:फी) ७०:३० ठेवलं तर पहिली ६३ अधिक १८, एकूण ८१. दुसरी ५०.४ अधिक ३०, एकूण ८०.४. काम पहिलीला.

वजन ६०:४० केलं तर पहिली ७८, दुसरी ८३.२. काम दुसरीला.

आता परत ७०:३० वर या आणि पहिलीचा मुलाखतीतला फक्त एक गुण कापा. ८९ चे झाले ६२.३, एकूण ८०.३. गेलं काम! तेव्हा तूरडाळ, तुमचं म्हणणं अर्धं खरं. खरा खेळ जाहिरात निघण्याआधी वजन ठरवताना होतो आणि मग मुलाखतीच्या गुणांत. म्हणून कशाला किती गुण हा तक्ता आधीच छापलेला पाहिजे, आणि "सादरीकरण" या गुळमुळीत शब्दाला कमीत कमी गुण पाहिजेत. मी एका ठिकाणी सादरीकरणाला ४० गुण पाहिलेत. तिथं निकाल चहा यायच्या आधी लागला होता.

पेटी कंत्राटदार

मी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणीकृत. (पदवी आहे, बेरोजगारीही आहे, शिक्षणाबद्दल बायकोला शंका आहे.) छोटी कामं ३३:३३:३४ अशी वाटतात, ३३ टक्के मजूर संस्थांना, ३३ आम्हाला, ३४ खुल्या निविदेला. कागदावर.

मोठ्या कामात शिरायचं तर अनुभवाची अट. केंद्रीय दक्षता आयोगानं २००२ मध्ये सांगितलेला हिशोब सगळीकडे चालतो. मागच्या सात वर्षांत तसंच एक काम अंदाजित किमतीच्या ८० टक्क्यांचं, नाहीतर दोन कामं ५० टक्क्यांची, नाहीतर तीन ४० टक्क्यांची. इथपर्यंत ठीक. पण मग "तसंच काम" म्हणजे काय हे ज्यानं लिहिलं त्यानं सगळं लिहिलं. एका निविदेत "शाळेलगतच्या पेव्हर ब्लॉकच्या कामाचा अनुभव" मागितला होता. गट्टू शाळेजवळ वेगळे बसतात का? अट वाचली की कळते कोणाचं माप घेऊन सदरा शिवला ते.

वऱ्हाडी ठेचा

शाळेजवळ गट्टू बसोताना पोट्टे पाहून राह्यते ना बाप्पा. अनुभव लागतेच.

सातवा मजला

मूळचा अकोल्याचा, आता पुण्यात. मला वाटतं प्रश्न नीयतीचा आहे, पद्धतीचा नाही. इंग्रजांनी बांधलेले पूल अजून उभे आहेत. तेव्हा कुठं होती ई-निविदा?

पेटी कंत्राटदार

इंग्रजांचे पडलेले पूल आपण पाहिले नाहीत, उरलेलेच पाहतो. आणि आमची शकुंतला रेल्वे पण त्यांच्याच काळातली. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, कापूस न्यायला टाकलेली. स्वातंत्र्यानंतरही किती वर्षं मालकी ब्रिटिश कंपनीची, गाडी आपल्या रेल्वेची! तसा करार करणारा सल्लागार भेटला तर मीच नेमतो.

जुना ओव्हरसियर

शकुंतलेचा वेगळा धागा काढा. हात जोडतो.

ह्यूस्टनचा मोर्शीकर

काळीमातींचं बियाण्याचं उदाहरण वाचून उडालोच, कारण इथं कायदा जवळपास तोच आहे. अमेरिकेत १९७२ चा ब्रूक्स कायदा: केंद्र सरकारच्या कामाला इंजिनियर आणि वास्तुविशारद निवडताना आधी फक्त पात्रता पाहायची. फी नंतर. बऱ्याच राज्यांनी तसेच आपापले कायदे केले. आमच्या टेक्सासात तर शहराला इंजिनियरांकडून फीची बोली मागवायलाच मनाई आहे. शहर आधी पात्रता मागवते, समिती क्रम लावते, पहिल्या नंबराशी कामाची व्याप्ती आणि फी यावर वाटाघाट होते. जमलं नाही तर ती रीतसर बंद करून दुसऱ्याकडे जायचं. मग पहिल्याकडे परत येता येत नाही, त्यामुळे तोही फार ताणत नाही.

मी अशा कंपनीत पाणी निचऱ्याचं काम करतो. आमच्या प्रस्तावात कोण माणूस काम करणार त्याचं नाव असतं, आणि करारात बहुधा अट असते की शहराच्या संमतीशिवाय तो बदलायचा नाही.

स्वर्ग नाही हां. तीच तीच कंपनी वर्षानुवर्षं पहिली येते, कारण तिच्याकडे अनुभव आहे, आणि अनुभव आहे कारण तीच पहिली येते. नव्या माणसानं शिरायचं कुठून?

तूरडाळ

तुमच्याकडे अमेरिकेत काळी माती असती तर समजलं असतं.

ह्यूस्टनचा मोर्शीकर

ह्यूस्टनची मातीही फुगते भाऊ. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, अगदी आपल्या कपाशीच्या वावरासारखी. वरून जमीन पोळपाटासारखी सपाट. २०१७ च्या हार्वे वादळात पाणी घराघरात होतं. आपल्याकडे पावसानं रस्ता बंद झाला की आई विचारते, "तुमच्या तिकडे तरी बरं असेल?" काय सांगू.

माजी सभापती

मी दुसऱ्या एका नगरपरिषदेत बांधकाम सभापती होते. लोक म्हणायचे हिचा नवराच मिटिंग चालवतो. पहिलं वर्षभर ते खरं होतं, लपवत नाही. दुसऱ्या वर्षी मी विषयपत्रिका घरी नेऊन वाचायला लागले.

सल्लागाराचा विषय कधी पत्रिकेत वर नसायचा. तो यायचा "ऐनवेळचे विषय" मध्ये, जेवणाची वेळ झाल्यावर. आणि तिथं फी लाखात सांगत नाहीत, "प्रकल्प किमतीच्या अमुक टक्के" म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटते. मी एकदा विचारलं, प्रकल्प महाग झाला तर याची फी वाढणार का? हो म्हणाले. म्हटलं मग हा माणूस योजना स्वस्त कशाला करेल? कोणीतरी मागून म्हणालं, "वहिनी, जेवण थंड होऊन राहिलं."

जुना ओव्हरसियर

सभापतीबाईंनी नेमकं दुखणं सांगितलं. माणशी ७० लिटर पाणी धरायचं की १३५, इथूनच किंमत फिरते. केंद्राच्या मार्गदर्शिकेत भुयारी गटार असलेल्या गावाला १३५ लिटर आहे, आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी म्हणून गटारीत येणार असं धरतात. पण गावात रोज नळ येत नसेल तर तेवढं सांडपाणी येणार कुठून? पाइप मोठा, वाहणारं पाणी कमी, म्हणजे गाळ बसलाच. सेकंदाला ०.६ मीटर वेग तरी पाहिजे, तेव्हा गटार स्वतःला धुते.

लेवलवाला

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. मी टोटल स्टेशन (उंची-अंतर मोजायचं यंत्र) घेऊन गावोगाव सर्व्हे करतो. तुम्ही ज्या शहरातल्या कंपन्यांबद्दल बोलता त्या सर्व्हे स्वतः करत नाहीत. आमच्यासारख्या पोट्ट्यांना किलोमीटरवर देतात. फी कमी भरली की पहिली कात्री आमच्यावर चालते. चार दिवसांचं काम दोन दिवसांत करा म्हणतात. मग तीस मीटरवर घ्यायचे पॉइंट शंभरवर जातात, आणि मधला चढ-उतार ऑफिसात बसलेला माणूस कॉम्प्युटरवर सरळ रेषेनं जोडतो.

काळीमाती, एक विचारू? तुमच्या नालीच्या वेळी खूण कुठं मारली होती? आम्ही लाल ऑइल पेंटनं बाण काढून आकडा लिहितो, टीबीएम म्हणून. बहुतेक मंदिराच्या पायरीवर नाहीतर शाळेच्या जोत्यावर, न हलणाऱ्या जागी. सगळ्या उंच्या तिथून मोजतात.

काळीमाती

मारोतीच्या पारावर होती. पायरीवर लाल बाण होता, आठवते. आता नाही. पाराचं सौंदर्यीकरण झालं ना, ग्रॅनाइट बसवलं.

लेवलवाला

नाली सुरू व्हायच्या आधी की नंतर?

काळीमाती

... अर्धी झाल्यावर. मधे पावसाळा आणि बिलाचं भांडण, सहा महिने काम बंद होतं. तेवढ्यात पार झाला. थांबा, उद्या मिस्त्रीला घेऊन मोजतो.

वऱ्हाडी ठेचा

मारोतीराया, तूच होय का दोषी!

कलम सहा

मधे माहिती अधिकाराचं सांगतो. २००५ च्या कायद्याच्या कलम २ मध्ये "माहितीचा अधिकार" म्हणजे नुसती झेरॉक्स नाही. कामाची पाहणी करणं, टिपणं काढणं आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेणं हेही त्यात आहे. अर्जाला १० रुपये, पानाला २. "असं का केलं?" विचारू नका, उत्तर मिळत नाही. कागद मागा: निविदा अटी, गुणांचा तक्ता, तुलनात्मक तक्ता, सल्लागाराशी झालेला करारनामा, मोजमाप पुस्तिका. ३० दिवसांत नाही आलं तर पहिलं अपील.

काळीमाती

दोन बातम्या.

पहिली. मिस्त्रीनं लेवल पाहायला पाण्याची नळी लावली. पाराची जुनी पायरी मागच्या अंगाला, नळाच्या तोटीखाली, थोडी उघडी आहे. तिच्यावर मसाला आणि फरशी मिळून चार इंच चढले आहेत. नाली जिथं काम बंद पडून परत सुरू झालं, तिथंच तळाला उंबरा आहे. बोटानं कळतो. माझं दुकान उंबऱ्याच्या वरच्या अंगाला, तिसरं.

दुसरी. आमच्या माजी नगरसेवकाच्या माळ्यावर त्या नालीचा जुना प्रकल्प अहवाल सापडला. स्पायरल बाइंडिंग, वर गव्हाची कोठी. पान ३८ वर लिहिलं आहे: "भरतीच्या वेळी पाणी उलट येऊ नये म्हणून नालीच्या शेवटच्या टोकाला झडप बसविण्यात यावी."

राजेहो, समुद्र पाहायला आम्हाला बडनेऱ्याहून रात्रीची मुंबईची गाडी धरावी लागते.

तूरडाळ

अरे देवा =)) कोकणातल्या कोणत्यातरी गावाचा अहवाल, नाव बदलून.

वऱ्हाडी ठेचा

म्हून तं खारं पानी! आता समजलं, खारपाणपट्टा काऊन म्हंते ते.

पेटी कंत्राटदार

झडपेचं बिल निघालं का ते पाहा आधी.

काळीमाती

अंदाजपत्रकात झडप आहे. मोजमाप पुस्तिका पाहिल्यावर सांगतो.

लेवलवाला

चार इंच म्हणजे १० सेंटीमीटर. नाली ३०० ला १ उताराची असेल तर ३० मीटरला उतारच मुळी १० सेंटीमीटर मिळतो. वरची अर्धी जुन्या पायरीवरून, खालची अर्धी नव्या ग्रॅनाइटवरून. खालची नाली सगळीच १० सेंटीमीटर वर चढली. म्हणून उंबऱ्यामागे तीसएक मीटर पाणी तुंबते आणि वरून लोंढा आला की काठावरून बाहेर पडते. नकाशातला उतार बरोबर असेल.

काळीमाती

म्हणजे ठेकेदार चोर नाही, नकाशाही चुकीचा नाही?

जुना ओव्हरसियर

म्हणूनच तांत्रिक मान्यता देणाऱ्यालाही टेबलावर काही दिसलं नसणार. आता त्या अहवालाच्या शेवटी कामाची व्याप्ती पाहा. माझी पैज आहे, सल्लागाराकडे फक्त अहवाल आणि अंदाजपत्रक असेल, देखरेख नसेल. खुणेची पायरी झाकली गेली तेव्हा तिथं हे ओळखणारा एकही माणूस उभा नव्हता. नगरपरिषदेत अभियंता किती?

काळीमाती

एक. त्याच्याकडे शेजारच्या नगरपंचायतीचाही चार्ज. पैज जिंकलात, देखरेख नाही.

सातवा मजला

तरी मी म्हणतो, नीयत असती तर—

माजी सभापती

सातवा मजला, एका माणसाकडे दोन गावं असली की नीयत कोणत्या गावात ठेवायची त्यानं?

ह्यूस्टनचा मोर्शीकर

मग आता भुयारी गटारीच्या जाहिरातीवर बोला. नाली उघडी होती म्हणून उंबरा बोटाला लागला. गटार जमिनीखाली जाईल, तिथं चार इंचाची चूक वास येईपर्यंत कळणार नाही. प्री-बिड (निविदा भरण्याआधीची बैठक) कधी आहे? त्याआधी मुख्याधिकाऱ्यांना लेखी सूचना द्या. नंतर अटी बदलणं जड जाते.

काळीमाती

प्री-बिड पुढच्या मंगळवारी. आम्ही बाजारओळीतल्या दुकानदारांनी मिळून पत्र दिलं. फीपेक्षा कामाला जास्त वजन ठेवा. मुलाखतीचे गुण १० च्या वर नकोत. काळ्या मातीत केलेलं एक काम दाखवा, आम्ही स्वखर्चानं जीप करून पाहून येतो. फी टक्क्यात नको, ठोक रकमेत. देखरेख व्याप्तीत घ्या आणि गावात राहणाऱ्या माणसाचं नाव लिहा. खुणेचे दगड वेगळे रोवा, देवाच्या पायरीवर नको.

साहेब भले आहेत. ठोक फी आणि खुणेचे दगड लगेच मानले. देखरेखीवर "पाहू". वजनाला हात लावणार नाही म्हणाले, वरून साचा आला आहे. जीपचं ऐकून हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

तूरडाळ

सहापैकी दोन, आणि एक हसू. वाईट नाही.

पेटी कंत्राटदार

जीपमध्ये जागा असेल तर मीही येतो. डिझेल अर्धं.

लेवलवाला

एक गोष्ट सांगू की नको विचार करत होतो. तुमच्या गटारीसाठी तीन कंपन्या भरणार आहेत असं दिसते. तिन्हींचा फोन आला, सर्व्हेचा दर विचारायला. तिघांचाही मलाच.

काळीमाती

मग काम कोणालाही भेटो, या तुम्हीच. चहा माझ्याकडे. पायरी दाखवतो.